पोलादी घारीच्या नवव्या भागाआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्म्यांचा, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम नमूद करतो, कारण माझ्या मुलाचे मत वेगळे आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असे माणूस घरात एकच, आणि ती सध्या माझ्याशी मोजकेच बोलते.

बिघडले आहे ते हृदय. डॉक्टरांनी पथ्याचा जो कागद दिला त्यात मीठ बंद, जिने बंद आणि 'उत्तेजना टाळावी' असे लिहिले आहे. पोलादी घारीचा सिनेमा उत्तेजनेत मोडतो का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर देण्याऐवजी चष्मा काढून पुसला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी आहे का, असे विचारले, तेव्हा पुन्हा पुसला. चष्मा माझ्याच दुकानातला असल्याने त्याला इतके पुसावे लागत नाही, हे मला माहीत आहे. नववा आणि शेवटचा भाग पुढच्या उन्हाळ्यात लागणार आहे. यंदाच लागायचा होता, पण त्याच शुक्रवारी दुसऱ्या एका हिरोचा मोठा सिनेमा आला म्हणून कंपनीने तो पुढे ढकलला. कंपनीचे काय जाते, तिचे हृदय ठणठणीत आहे.

कलम पहिले. ज्या नातेवाइकांनी माझ्या तोंडून हे आयुष्यभर ऐकले आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले, त्यांच्यासाठी एकदाच लिहून ठेवतो. पोलादी घार हा मुळात विमाने दुरुस्त करणारा माणूस. तो पोलादी पंख लावून उडतो आणि जग वाचवतो. आठ भागांत त्याने ते आठ वेळा वाचवले आणि जगाने दर वेळी त्याच्यावरच चौकशी लावली. हे मला खरे वाटते. ज्यांना वाटत नाही त्यांनी ग्राहकाला चार वेळा काच बदलून द्यावी, वर त्याचीच तक्रार ऐकावी आणि मग माझ्याशी बोलावे.

या नादाला मी माझ्या पत्नीमुळे लागलो. ती परभाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेतला आवाज देते. पहिल्या भागात तिला खलनायिकेचे, म्हणजे राखेच्या राणीचे, काम मिळाले. मी बायकोचा आवाज ऐकायला म्हणून थेटरात गेलो आणि घारीला पाहून बाहेर आलो. तेव्हापासून आठही भागांचा पहिला दिवस, पहिला खेळ मी चुकवला नाही. पत्नी याला स्वतःची चूक समजते. राणी मात्र तिने घरात चांगलीच चालवली. "दूध उतू जातंय" हे वाक्य राखेच्या राणीच्या आवाजात ऐकल्यावर माणूस जसा धावतो, तसा तो आग लागल्यावरही धावणार नाही.

कलम दुसरे. राहते घर, त्यातले सर्व सामान आणि दुकानाची जागा पत्नीला. यात चर्चा नाही.

कलम तिसरे. माझा मुलगा हिशेबनीस आहे. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि दर फोनवर मला दुकान विकायचा सल्ला देतो. दुकानाच्या काचेच्या कपाटात मी चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये घारीच्या मूर्ती मांडल्या आहेत. तो त्यांना बाहुल्या म्हणतो. मागच्या वेळी आला तेव्हा त्याने एका ग्राहकासमोर मला विचारले, "बाबा, वय काय तुमचं?" त्याच्या माहितीसाठी ते वर पहिल्याच ओळीत दिले आहे. बँकेतली माझी सर्व शिल्लक मी त्याला देत आहे. अट एवढीच की सर्व मूर्ती त्याने आपल्या कार्यालयात, अशिलांच्या खुर्चीसमोर, नीट पुसून मांडाव्यात आणि कोणी विचारले तर घार कोण आहे हे हसू न आणता सांगावे. एखादी जरी माळ्यावर गेली, तर शिल्लक मंडळाकडे जाईल. मंडळ पुढे येते. लहानपणी गादीवरची चादर गळ्यात बांधून हाच मुलगा पलंगावरून उड्या मारत होता आणि एकदा त्याचा ओठ फाटला होता. ती खूण मिशीखाली अजून आहे. त्याने मिशी कशासाठी ठेवली हे मला ठाऊक आहे. माझे त्याच्यावर फार प्रेम आहे, हेही या कलमातच लिहितो, म्हणजे मूर्तींबरोबर तेही त्याच्या गळ्यात पडेल.

कलम चौथे. पत्नीचा भाऊ, माझा मेहुणा. घारीच्या प्रत्येक भागाला हा माझ्या तिकिटावर, माझ्या शेजारी, माझ्या पॉपकॉर्नमध्ये हात घालून बसला आणि दर लढाईला म्हणाला, "भावोजी, हे सगळं कॉम्प्युटरवर करतात." सहाव्या भागात घारीचा म्हातारा गुरू मरतो. सारे थेटर मुसमुसत होते आणि हा घोरत होता. जागा झाल्यावर त्याने विचारले की तो दाढीवाला गेला कुठे. सबब माझा दुकानातला जुना कॉम्प्युटर, कीबोर्डसह, मी मेहुण्याला देत आहे. हे सगळे ज्याच्यावर करतात ते यंत्र आता त्याच्या हाती आले आहे. त्याने करून दाखवावे. कीबोर्डचे एक बटण अडकते.

कलम पाचवे. नंबर तपासायच्या भिंगांची लाकडी पेटी समोरच्या चष्मेवाल्याला. आम्ही दोघांनी एकाच रस्त्यावर उभा जन्म काढला, आणि सर्वांना वाटते की आमचे वैर धंद्याचे आहे. तसे नाही. तो एका सिनेनटाचा भक्त आहे. या नटाला चाहते 'साहेब' म्हणतात. साहेबांना पंख नाहीत, ते नुसत्या हाताने विमान थांबवतात आणि मग गॉगल घालतात. समोरच्याने तो गॉगल वर्षानुवर्षे खपवला. दुकानाला रंग साहेबांच्या शर्टाचा दिला, आणि मी विचारले तेव्हा म्हणाला की रंग उरला होता. एकदा साहेब आणि घार एकाच शुक्रवारी आले. संध्याकाळचा खेळ कोणाला मिळणार यावरून आम्ही दोघे प्रौढ गृहस्थ थेटरच्या मॅनेजरच्या खोलीत एकमेकांच्या कॉलरी धरून उभे होतो. माझ्या शर्टाचे दुसरे बटण त्याने अजून परत केलेले नाही. पण साहेबांचा शेवटचा सिनेमा पडला, तेव्हा या माणसाने आठवडाभर दुकान उघडले नाही. त्या आठवड्यात मी त्याच्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगितले, त्यांचे नंबर काढले नाहीत. इतक्या निष्ठेच्या माणसाला चांगली भिंगे मिळावीत असे मला वाटते. बटण त्याने ठेवून घ्यावे.

कलम सहावे. घार मंडळ, म्हणजे आम्हा चाहत्यांचे मंडळ. यात एक दंतवैद्य, एक बसचालक, दोन परिचारिका आणि काही किरकोळ मंडळी आहेत. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांची थ्रीडी सिनेमात काय हालत होते, हे धड डोळ्यांच्या लोकांना कळणार नाही. थेटरवाले देतात तो ओरखडे पडलेला चष्मा आपल्या चष्म्यावर चढवायचा आणि अडीच तास नाक धरून बसायचे. मी थ्रीडीच्या काचा प्रत्येकाच्या फ्रेमच्या मापाने कापून, चिमट्याने अडकवता येतील अशा करून दिल्या. पाचव्या भागाला घाईत बसचालकाच्या काचांची डावी-उजवी बाजू बदलली गेली. त्याला संपूर्ण सिनेमा उलटा दिसला, जवळचे लांब आणि लांबचे जवळ, आणि हा भाग सर्वांत भारी असे तो अजूनही ठासून सांगतो. आम्ही कोणी त्याला खरे सांगितलेले नाही. आता त्याला कळेल, कारण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. काचा कापायचे आणि घासायचे यंत्र मी मंडळाला देतो, आणि दर शुक्रवारी ही मागची खोली त्यांना वापरू द्यावी अशी पत्नीला विनंती करतो. त्यांनी खुर्च्या उचलून ठेवाव्यात, ओढू नयेत.

कलम सातवे. हे खरे कलम. बाकीची याच्यासाठी लिहिली.

नवव्या भागाचे ध्वनिमुद्रण तीन महिन्यांपूर्वी झाले. शेवटच्या प्रसंगात घार आणि राणी समोरासमोर आहेत. म्हणजे घार जगते की मरते हे माझ्या घरात, माझ्या शेजारच्या उशीवर माहीत आहे, आणि मला माहीत नाही. पत्नीने गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे. आठ भाग तिने मला ताकास तूर लागू दिली नाही, आणि मीही कधी विचारले नाही, कारण शेवट आधी विचारणारा माणूस चाहता नव्हे. या वेळी विचारले. पहिल्यांदा सरळ विचारले, मग आडून विचारले, मग छातीवर हात ठेवून विचारले. तिचे उत्तर एकच: "थेटरात बघा." मी म्हटले, लग्नाच्या कागदावरही तुझी सही आहे. ती म्हणाली, तो कागद आधी वाचायला मिळाला नव्हता. मी म्हटले, मी तेव्हा नसेन. त्यावर तिने राणीचा आवाज काढून मला औषध घ्यायला लावले.

सबब, कलम दुसऱ्यातले घर आणि दुकान पत्नीला मिळण्यासाठी तिने मला नवव्या भागाचा शेवट सांगणे बंधनकारक आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, ही अट पाळायची केव्हा? मी म्हणालो, राहू द्या. रोज चहाच्या वेळी मी हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवतो. ती ऐकते आणि कप विसळायला घेऊन जाते. ती का सांगत नाही हे मला कळत नाही असे नाही. जोवर ती "थेटरात बघा" म्हणते, तोवर पुढच्या उन्हाळ्याचे माझे तिकीट तिने काढून ठेवलेले आहे. पण माझीही घाई तिने समजून घ्यावी.

कलम आठवे. अंत्यविधी साधा असावा. मला घारीचा पोशाख घालू नये, तो पोटावर बसत नाही. घारीच्या सिनेमात शेवटी सगळी नावे सरकून गेल्यावर एक छोटा प्रसंग असतो. तो न बघता उठणाऱ्यांचे मला जन्मभर नवल वाटले. तेव्हा सर्व उरकल्यावर मंडळींनी लगेच गाड्यांकडे धावू नये. काही होणार नाही, तरी थोडे थांबावे. मेहुण्याला कोणीतरी जागे ठेवावे.

पुरवणी. वरचा मजकूर या आठवड्यात लिहून झाला होता आणि सही आज करायची ठरली होती. काल पत्नी माझे रिपोर्ट घेऊन एकटीच डॉक्टरांकडे गेली. मी येतो म्हटले, तर म्हणाली की तिथे गर्दी असते. परत आल्यावर काय म्हणाले असे विचारले, तर म्हणाली, नेहमीचेच. मग तिने जेवायला वाढले. भाजीला मीठ होते. कितीतरी महिन्यांनी नीट, पूर्वीसारखे मीठ होते. मी चवीने जेवलो.

आज सकाळी मी दुकान उघडून मागच्या खोलीत आलो तर ती नंबर तपासायच्या खुर्चीत बसलेली होती.

"बसा," ती म्हणाली. "शेवट सांगते."

तीन महिने ज्यासाठी मी तिच्या नाकी नऊ आणले ते समोर आले आणि मी दाराकडे वळलो. मी म्हणालो, "नको. थेटरात बघेन मी."

"अहो, ऐका."

"तू सही केली आहेस."

"केली असू दे. बसा ना जरा."

मी बसलो. तिने सगळे सांगितले. राणीची वाक्ये राणीच्या आवाजात म्हटली आणि बाकीचे आपल्या साध्या आवाजात, जो मी लग्नाआधी फोनवर ऐकायचो. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कंपनी आवाज देणाऱ्यांना पूर्ण चित्र दाखवत नाही, सारा पडदा काळा ठेवते आणि बोलणाऱ्याच्या ओठांभोवती फक्त एक गोल असतो, हे मला आज कळले. म्हणजे तिने तो शेवट ओठांपुरताच पाहिला आहे. आकाश कसे आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, आकाश दिसलेच नाही. मला भीती वाटते आहे. एवढे एक वाक्य या कागदात थट्टेशिवाय असू द्यावे.

सबब कलम सातव्यातली अट पूर्ण झाली असून ती रद्द समजावी. घर आणि दुकान पत्नीचे आहे. आठ भागांत आवाज देऊन ती एकदाही थेटरात आली नाही. स्वतःचा आवाज एवढा मोठा ऐकवत नाही म्हणते. पुढच्या उन्हाळ्यात, पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला मंडळाने तिला मधल्या रांगेत बसवावे आणि तिने पूर्ण पडदा बघावा. ती नाही म्हणेल. तिला माझे नाव सांगावे.

शेवट चांगला आहे. तो मी इथे लिहीत नाही, कारण दोन्ही साक्षीदार हा कागद वाचून सही करणार आहेत आणि त्यांनी सिनेमा अजून पाहिलेला नाही.

वरील सर्व वाचले, समजले, माझेच आहे.

सही: चष्मेवाला

आमच्या देखत सही केली. लिहिणारा शुद्धीत होता. शेवट आम्ही विचारला, त्याने सांगितला नाही.

साक्षीदार: दंतवैद्य
साक्षीदार: बसचालक (पाचव्या भागाबद्दल नंतर बोलू)

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: नऊ, शुक्रवार, पहिल्या खेळाची वेळ