जिभेबरोबर वर सरकणारी गाठ

गुरुवार, रात्र. लातूर.

आमच्या गौरीच्या गळ्यातली गाठ काढायची तर जिभेच्या बुडाशी असलेल्या हाडाचा तुकडाही काढावा लागेल म्हणे. गाठ बोराएवढी, मग हाड कशाला? इथले डॉक्टर म्हणाले, गाठीची नळी जन्मापासूनच त्या हाडातून जिभेकडे गेलेली असते, ती राहिली तर गाठ परत येते. पटलं. पण पटवून देणारी माणसं बातमीदारीत रोजच भेटतात. आधी नांदेडच्या डॉक्टरांनी नुसता पू काढून "आता झालं" म्हटलं, तेही पटलंच होतं.

माझ्या आईचं वेगळंच. "गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा घासून झालंय रे. हाड कशाला कापून घेतोस पोरीचं?" तिनं सुती दोरा काढून रेशमी घातला, तरी गाठ परत आलीच.

जेवणानंतर गौरीला म्हटलं, डॉक्टरांपुढं काढलीस तशी जीभ काढ. गाठ वर सरकली. पुन्हा काढायला लावली. पुन्हा सरकली.

"आप्पा, दोऱ्यानं झाली असती तर जिभेसंगं हलली असती का?" पोरगी वैतागली. "नांदेडला तर कुणी जीभ बघितलीच न्हाई."

खरंच, नव्हती बघितली.

उद्या होकार कळवतो. हाडाचं मात्र परत एकदा विचारीनच.