गव्हावाचून बोलोन्या

४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजपासून गहू बंद. पाव, पास्ता, केक, चिमूटभरसुद्धा नाही, आणि तेही इथे बोलोन्या शहरात! ठीक! माणसाने मनात आणलं तर काय होत नाही? मात्र एर्सिलियाबाईंना सांगायचं नाही. त्या विधवा, मी विधुर, चर्चच्या गायनात शेजारीशेजारी उभे राहतो. शनिवारी जेवायला नेतोय त्यांना. बायकांना धडधाकट पुरुष आवडतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
झेलिंडाच्या खानावळीत. मी नुसती कोशिंबीर मागवली. झेलिंडा भडकली. "का रे ओत्तावियो, माझ्या हातच्या, सारण भरलेल्या तोर्तेल्लिनी पास्त्याला काय धाड भरली?" तिचे डोळे भरून आले. मग खाल्ली एक. एकीने काय होतंय?

९ फेब्रुवारी
दिवसभर संडासात. ती एक जरा मोठी होती.

१५ फेब्रुवारी
यापुढे फक्त मासे. स्टेशनजवळच्या हॉटेलात गेलो. मासा पिठात घोळवून तळलेला. वेटर म्हणाला, "नावालाच हो पीठ!" मी बाजूची पानं आणि लिंबू खाल्लं. एर्सिलियाबाईंनी विचारलं, "तुम्ही काहीच घेत नाही?" मी म्हटलं, "तुमच्याकडे बघूनच पोट भरतं." ऐनवेळी सुचलं! त्यांनी मान खाली घालून मासा संपवला. भारावल्या असणार.

२२ फेब्रुवारी
बिनगव्हाचं हॉटेल शोधून काढलं. बाईंना म्हटलं, नवी फॅशन आहे. त्यांनी एक घास घेतला. "हा पाव आहे की पुठ्ठा?" ताट सरकवलं. अन्न वाया कशाला घालवायचं? माझं संपवलं, त्यांचंही संपवलं. आजची संध्याकाळ माझी.

२७ फेब्रुवारी
गायनाच्या तालमीनंतर खरं सांगून टाकलं. धीर लागतो त्याला. बाई कपाळावर हात मारून हसल्या. "अहो, आधी नाही का सांगायचं? मी समजले, चिक्कू आहात! दोनदा पाला खाल्लात, तिसऱ्यांदा माझं ताटही सोडलं नाहीत!" मी म्हटलं, मग या शनिवारी? तर शनिवारी त्यांना लेआर्कोने बोलावलंय, डोंगरावरच्या हॉटेलात. लेआर्को म्हणजे आमच्यातला जाड आवाजाचा. दगडसुद्धा पचवेल. बरंच झालं. पोटाला विश्रांती.

१ मार्च, शनिवार
घरीच भात टाकला. साधं, सात्त्विक. तेवढ्यात फोन. एर्सिलियाबाई, तिकडून, हॉटेलातून. "ओत्तावियो, मी आचाऱ्याला विचारलं. तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात करून देतो म्हणतोय. लेआर्को घ्यायला येईल. येताय ना?"
मी म्हटलं, छे, आत्ताच भरपेट जेवलो.
त्या म्हणाल्या, "बरं."
फोन ठेवला तर भात करपलेला. वरचा वरचा खाल्ला.