पट्टा पडल्यावरचा ठसा

अण्णा, तुमच्या ठशाचे कोयते आता कंपनीत निघतात. गेवराईच्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीतून येतात, पिशवीवर तुमचा फोटो. फोटोत तुम्ही हसताय. भट्टीपुढे तुम्ही कधी हसल्याचं मला तरी आठवत नाही. कंपनीचा साहेब धारूरला आला तेव्हा तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली होती. "घडण तुमची, ठसा तुमचा, मशीन आमचं," म्हणाला. माझा खांदा घण उचलू देत नव्हता. मी थकलो होतो अण्णा, हो म्हणालो. नमुन्याला एक कोयता दिला आणि ठशाची नक्कल काढू दिली. पोलाद त्यांनी चांगलंच घातलं, खोटं कशाला बोलू. पण ठसा मशीनमधून निघतानाच उमटतो.

आणि तुम्ही तर नवा कोयता बिनठशाचाच द्यायचात. माणूस कितीही मागे लागो, "आधी ऊस तोडून ये. पट्टा पडला, हंगाम सरला की आन, मग बघू." हंगाम संपवून परतलेली माणसं घरी जायच्या आधी भट्टीवर यायची, तुम्ही धारेवर अंगठा फिरवायचात, मूठ कानाशी हलवायचात, आणि मग ठशावर एकच घाव. दहावी पास झालेल्या पोरासारखं तोंड करून माणूस घरी जायचा.

यंदा पट्टा पडल्यावर एक बाई आली, तुमच्याच हातचे कोयते वापरत म्हातारी झालेली. कंपनीचा कोयता माझ्यापुढं टाकला, मुठीपाशी वाकलेला. "अण्णाचा ठसा हाय म्हनल्यावर कोन तपासतंय? दुसऱ्या म्हयन्यात वाकला. काहून मारला मग ठसा?" कंपनीला कळवतो म्हणालो. "कंपनीला मी वळखत न्हाई," ती म्हणाली. मी कंपनीच्या पिशवीतला दुसरा कोयता पुढं केला, तर हातही लावला नाही. "तू घडव. आन ठसा नको, तोडून बघते आधी." तसल्या खांद्यानं मला तीन दिवस लागले.

पुढच्या करारावर सही घ्यायला साहेब सोमवारी येतोय. कंपनीनं तुमचं नाव घालवलं, असं लिहायला मी बसलो होतो. पण बाईनं दाखवलेली ती वाकलेली जागा मी बघताक्षणी ओळखली. माझा पहिला कोयता आठवतो? पट्टा पडल्यावर आला, तुम्ही हातात घेतलात. "मुठीपाशी पातळ झालाय. वाकंल. दुसरा घडव," म्हणालात आणि ठसा न मारताच वर माळ्यावर टाकलात. साहेब पहिल्यांदा यायचा त्या सकाळी तुमचा एकही कोयता घरात नव्हता, सगळे लोकांच्या हातात. आणि मला माझाच पुढं करायचा होता, तेही आहेच. मी माळ्यावरून तो काढला, पुसला, आणि तुमच्या पेटीतला ठसा घेऊन त्यावर मीच मारला. कंपनीनं त्या नमुन्यात तसूभरही बदल केला नाही.