सतरा नंबरची हजेरी

३ ऑगस्ट
अंबडला बसमधून उतरलो तेव्हा मनात शाळेच्या पहिल्या दिवसाचा आनंद होता. मास्तरकी संपल्यावर पेन्शनीवर घरी बसून कंटाळलो होतो. आता या रोपवाटिकेत नोंदी लिहायच्या. शीतल मॅडमनी काम समजावलं. एकाच जातिवंत सागाचे डोळे भरून चोवीस रोपं केलीत, सगळी हुबेहूब त्याच झाडाची. अशीच परतूरलाही लावलीत. मूळ एकच, मग वाढीत फरक पडला तर तो मातीचा. एक खोटी नोंद सगळी चाचणी बिघडवते, हे त्यांनी दोनदा बजावलं. फांदीवरचा कोंब काढून दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायचा, त्याला ‘डोळे भरणं’ म्हणतात; हा शब्द मात्र मला कवितेतलाच वाटला.

७ ऑगस्ट
सवय जात नाही. रोज सकाळी रोपांची हजेरी घेतो. पत्र्याच्या बिल्ल्यावरचा नंबर पुकारायचा, जिवंत असेल तर ‘हजर’ लिहायचं. मजूर रायभान हसतो. म्हणाला, “गुरुजी, रोपायला कविता बी शिकवून राह्यले का?” शिकवतो की. चालीवर म्हटली की पानं डोलतात.

१६ ऑगस्ट
मॅडमकडून कळलं, मूळ झाड आमच्याच शाळेतलं. रस्त्यासाठी तोडलं, त्याआधी फांद्या आणल्या. त्या सागाखाली मी तीस वर्षं कविता म्हणून घेतल्या. त्याच्याच बुंध्यामागे माझी लेक रेणुका साप चावून पडली होती. आठ वर्षांची. वर्गात सतरा नंबर. मी आत हजेरी घेत होतो. तिची मैत्रीण शालू गमतीनं तिचा आवाज काढून ‘हजर, गुरुजी’ म्हणाली. मी मान वर केली नाही. लिहिलं, हजर. मग शाळा सुटेपर्यंत तिला कुणी शोधलंच नाही.

शाळेत मला आबा म्हणायचं नाही, हा नियमही माझाच होता.

२१ ऑगस्ट
सतरा नंबर वाळलं. रायभान हळूच म्हणाला, “परवाच गेल्तं ते, गुरुजी. मेलं लिहा.” हात वळेना. ‘हजर’ लिहिलं.

२४ ऑगस्ट
रायभाननं काडी उपटून टाकली. खड्डा रिकामा. तरी सवयीनं सतरा पुकारलं. “हजर, गुरुजी.” भर उन्हात मागे वळून पाहिलं, पोर कुठेच नाही. रायभान म्हणतो, वारा असंल.

२७ ऑगस्ट
आज आवाज सोळा नंबरकडून आला. मग तीनकडून. मग सगळ्यांकडून, एकच, हुबेहूब. तिचा की शालूनं काढलेला — बाप असून ओळखता येईना.

२९ ऑगस्ट
वारा नाही. पानं माझ्याकडे वळलेली. डोळा भरलेली गाठ प्रत्येकाची ओली, लाल. सागाचं पान चुरडलं की लाल होतं, ठाऊक आहे. मी हात लावला नव्हता —

३० ऑगस्ट
उद्या मॅडम वही तपासणार. खरं लिहायला हवं. तेव्हा नुसती मान वर केली असती तर —

३१ ऑगस्ट, सकाळ
खड्ड्याशी बसलोय. वही मांडीवर. सोळापर्यंत झालं. सतरा म्हणताच तेवीस जणी एका सुरात — हजर, हजर —
आणि खड्ड्यातून, बारीक —
“आबा, मी वर्गात न्हाई. मान वर करा ना.”
हो, बाळा. या वेळी आधी मान वर करतो. मग लिहि