मानपत्रातला एक शब्द

४ मार्च, सोमवार

निरोप समारंभाचं खूळ काही टळत नाही! मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. "मानपत्राचा मजकूर तुम्हीच सांगा बाई, आमचे लोक शुद्धलेखनाची वाट लावतील."

सांगितला. 'बत्तीस वर्षे या रुग्णालयाची औषधखिडकी एकहाती सांभाळली.' डॉक्टर म्हणाले, वा!

टाइप करायला माझी मदतनीस बसली होती. मनात मी तिला मुंगीच म्हणते. सदा काहीतरी उचलून इकडून तिकडे चाललेली.

"मॅडम, एकहाती म्हणजे एकटीनंच ना? मग आपल्याकडे दोन सह्या कशाला लागतात?"

"एकहाती म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर नाही. टाइप कर."

केलं. मान खाली घालून.

७ मार्च, गुरुवार

गर्दी. पाय भरून आले.

रंगाऱ्याच्या बाळाच्या पुड्या केल्या, हृदयाच्या औषधाच्या. तीन महिन्यांचं पोर, मुठीएवढं तोंड. एका गोळीच्या दहा, अशा तीस. नियम असा की एकीनं गोळी काढायची, दुसरीनं बघायची, मगच खलात टाकायची. मुंगी खिडकीवर होती. तिला कुठं हाका मारत बसा? कुटून झाल्यावर सही घेतली. खिडकी बंद होता होता बाळाची आई पुड्या घेऊन गेली.

उद्यापासून मुंगी रजेवर. भावाचं लग्न.

८ मार्च, शुक्रवार

खलाशेजारी मोठ्यांच्या गोळ्यांची बरणी आहे.

नीट लिहिते. बरण्या दोन. एक मोठ्यांसाठी, एक लहान मुलांसाठी. गोळ्या दिसायला सारख्याच, पांढऱ्या. मोठ्यांची चौपट जोराची. लहानांची बरणी कपाटात आहे आणि तिचं सील फोडलेलंच नाही! मोठ्यांच्या गोळ्या तीनदा मोजल्या. तीन कमी.

चौपट. तीन महिन्यांच्या हृदयाला.

बाळाच्या आईला फोन लावला. बंद. पुन्हा बंद. खिडकीवर एक म्हातारा ओरडत होता, "बाई, लक्ष कुठाय?"

पाच वाजता त्यांच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकाळीच गेले की, घाईघाईनं. बाळ? होतं की कुशीत, निपचित पडलेलं. तुम्ही कोण?"

जिना उतरताना कठड्याला धरून उतरले.

९ मार्च, शनिवार

डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. सांगायचंच, असं ठरवून. ते म्हणाले, "मजकूर झकास झालाय! फ्रेमला दिला."

परत आले.

इथं तरी खोटं नको. मी घाबरले. बाळासाठी तर घाबरलेच, पण त्या दारात उभी असताना मी माझ्यासाठी घाबरले होते.

१० मार्च, रविवार

धाकटीचा फोन. "ताई, समारंभाला कुठली साडी?" म्हटलं, कुठलीही. "आवाज का असा तुझा? येऊ का?" नको म्हटलं. "नकोच म्हणणार तू! आई गेली तेव्हाही तुझं आपलं एकच, मी बघते सगळं. आम्हाला काही करूच दिलं नाहीस."

फोन ठेवल्यावर तो शब्द डोक्यात घोळत राहिला. संसार एकहाती ओढला, सामना एकहाती जिंकला. लोक कौतुकानंच म्हणतात. एकहाती चूक केली, असं कुणी कधी म्हणतं का? आणि हा शब्द दुसऱ्यानं आपल्याबद्दल वापरायचा असतो. मी स्वतःच सांगितला, तोही शुद्धलेखनासकट!

कॉलेजात आमचे सर म्हणायचे, माणूस चुकणारच, म्हणून औषधाला चार डोळे लागतात. वहीत मी ते लाल शाईनं लिहिलं होतं.

१२ मार्च, मंगळवार

फोन बंदच. डॉक्टरांच्या नावे पत्र लिहिलं. सगळं. उद्या देणार. जेवण गेलं नाही.

१३ मार्च, बुधवार

आलं! बाळ आलं!

पत्र घेऊन निघाले, तर बाहेरच्या बाकावर त्याची आई. मांडीवर बाळ, लाथा झाडतंय! "आजोळी गेलो होतो. फोन पाण्यात पडला हो. वजन वाढलंय बघा." बाकावर मटकन बसले तिच्या शेजारी. ती म्हणाली, "तुम्हालाच बरं नाही वाटतं!"

उरलेल्या पुड्या मागून घेतल्या. बघते तर घडी माझी नाही. मी कडा तीनदा दुमडते. या पुड्यांचं टोक आत खोचलेलं. मुंगीची घडी!

ती आजच रजेवरून आली. आत बोलावून पुडी समोर ठेवली.

"सही करताना बरणी दिसली, मॅडम. तुमच्या पुड्या मोरीत टाकल्या, दुसऱ्या केल्या. इथलं सील फोडलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. म्हणून मुलांच्या वॉर्डातून तीन गोळ्या आणल्या."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. असं पहिल्यांदा झालं तेव्हा. तुम्ही म्हणालात, माझ्या कामात नाक खुपसायचं नाही."

आठवतं. ती रडली होती. मी म्हटलं होतं, एवढ्यातेवढ्यावरून रडणारी माणसं या कामाची नाहीत.

१४ मार्च, गुरुवार

विचारलं, असं किती वेळा झालं. तिनं पर्समधून एक छोटी वही काढून दिली. तारखा, औषधं, कुणासाठी. सतरा.

पहिली तारीख सहा वर्षांपूर्वीची. ती कामाला लागली तो महिना.

त्याआधी मला मदतनीस नव्हती. दोन्ही सह्या मीच करत असे. सव्वीस वर्षं. खरोखर एकहाती.