कपाळावरच्या आठ्या घालवण्याआधी

मांडवी, रत्नागिरी

चि. सौ. ऋजुतास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल. आंबा यंदा बेताचा, माझे गुडघे त्याहून बेताचे. सावर्ड्यात तुम्ही सगळे बरे असालच. तुझ्या सलिलच्या लग्नाआधी कपाळावरच्या आठ्यांसाठी इंजेक्शनं घेऊ का, असं तू विचारलंस. (फोनवर सांगितलं असतं, पण ह्यांना ऐकू येत नसलं तरी शेजारच्या मथुरावहिनींना येतं.)

मी घेऊन बसले आहे, तेव्हा ऐक. पार्लरवालीकडे जाऊ नकोस, त्वचेच्या शिकलेल्या डॉक्टरकडेच जा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांग. मी सांगितलं नाही आणि भुवईवर जांभळाएवढा डाग मिरवत आठवडाभर बाजार केला. इंजेक्शनांनंतर काही तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. आता दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून ताठ बसून राहायचं, ही शिक्षा आपल्याकडे चोरालासुद्धा कुणी देत नाही. मी झोपाळ्याची कडी धरून पेंगत बसले. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि एकदा आला की तीन-चार महिने उतारा नाही. हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पण तेव्हा मी आरशात बघत होते.

तर कपाळ झालं ताटासारखं गुळगुळीत, आणि तिथून माझे भोग सुरू झाले. तुझे भावोजी कानांनी अधू, पण मशीन लावायला तयार नाहीत, कारण त्यांचं सगळं माझ्या कपाळावर भागतं. काही विचारायचं झालं की समोर येऊन बघतात. दोन आठ्या म्हणजे नाही, एक म्हणजे बघू, आणि भुवयांच्या मध्ये उभी रेघ आली की गप्प आत जायचं. इंजेक्शनांनंतर ह्यांना मोकळं रान मिळालं. आधी रामा आणि बागेतले सगळे गडी न सांगता जेवायला आणले. मग सोफ्यावर सुकट वाळत घातली. (वास अजून आहे.) परवा तर झोपायच्या खोलीत पेंढा पसरून आंब्यांची आढी घातली. मी दारात उभी राहून घसा बसेपर्यंत नको म्हणत होते. ह्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, समाधानाने मान डोलावली आणि पलंगाखालीही पेंढा सारला. आता आम्ही दोघं पिकायला घातल्यासारखे झोपतो.

मला वाटलं, चैन चालली आहे माणसाची. पण हळूहळू ह्यांचं जेवण कमी झालं, बोलणं बंद झालं. काल ताटावरून उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय गो, माझ्यावर रागवायचं सोडलंस? इतका परका झालो मी?"

ऋजू, मला फार भरून आलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि कपाळ मात्र पूजेला बसल्यासारखं प्रसन्न. ह्यांनी पाणी पाहिलं, कपाळ पाहिलं आणि कांदा चिरत होतीस काय, असं विचारून बाहेर गेले. बत्तीस वर्षांच्या संसारात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा घे किंवा नको घेऊस, पण यज्ञेशरावांना आधी विचार, ते तुझ्या चेहऱ्यावर नक्की काय वाचतात.

तुझी,
कमलाताई

ता. क. खरं काम राहिलंच. लग्नाच्या गडबडीत भावोजींना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं तेवढं तू जमव. माझं ऐकत नाहीत, तुझा शब्द मोडत नाहीत.

ता. क. २. कानांचं राहू दे. आत्ता मथुरावहिनी आल्या होत्या. स्वयंपाकघरात मी त्यांच्या कानात कुजबुजले की पुन्हा काही ही इंजेक्शनं घेणार नाही, ह्यांना मी रागावलेलीच बरी वाटते. तर पडवीतून आवाज आला, "नकोच घेऊस." बाहेर जाऊन विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "ऐकू येतं गो सगळं. पण तुझ्या बोलण्यावर जाऊन कसं चालेल? मी कपाळ बघतो." म्हणजे आढीच्या वेळचं माझं प्रत्येक नको ह्यांनी नीट ऐकलं होतं. उतारा नाही हे मला ठाऊक आहे, तरी तू तुझ्या डॉक्टरांना विचारून बघ. मला ह्यांच्यावर आजच्या आज रागवायचं आहे.