पांढऱ्या रंगाखालचा स्क्रू

बाबा,

आईच्या घोडीला घेऊन डॅल्बीला बेव्हमावशीकडे निघाले आहे. घोडी तुला डोळ्यांसमोर नको, हे काल पुरेसं ऐकलं. म्हणून तू उठायची वाट बघितली नाही.

घोडीच्या ट्रेलरचे दिवे आता लागतात. बल्ब, सॉकेट सगळं उगाच बदललंस, वर गाडीला शिव्या दिल्यास. इंडिकेटर दिला की ब्रेकचे दिवे मिणमिणायचे, म्हणजे अर्थिंगच मिळत नव्हतं. आई गेल्यावर आठवड्याभरात तू अख्खा ट्रेलर पांढरा रंगवलास ना, तेव्हा अर्थिंगची वायर सोडवलीस आणि रंगावरच पुन्हा स्क्रूने आवळलीस. रंगातून करंट जात नाही, हे मला तूच शिकवलं होतंस.

स्क्रूखालचा रंग कानशीने खरवडून लोखंड उघडं केलं आणि वायर परत आवळली. दिवे बघायला मागे कोणीतरी उभं लागतं. कोणी नव्हतं, म्हणून ब्रेकच्या पेडलवर झाडू दाबून अडकवला आणि मागे जाऊन स्वतःच बघून आले. झाडू फाटकापाशी राहिलाय, आत घे.

फ्रिजमध्ये रोस्ट आहे, तो गरम करून खा. नुसत्या बिअरवर राहू नकोस. उद्या संध्याकाळपर्यंत येते.

आणि एक. आईने स्वतःचं नाव लिहिलं होतं ना ट्रेलरवर, ते त्या स्क्रूच्या शेजारीच होतं. खरवडताना त्यातलं पहिलं निळं अक्षर वर आलंय. तेवढी जागा पुन्हा रंगवू नकोस. दिवे जातील.

टिगन